डाग कलपाचा की त्वचेचा?

पत्राचा सारांश: पश्चिम महाराष्ट्रातील तालुक्याच्या गावी राहणारे, पन्नाशी ओलांडलेले हे वाचक एका कारखान्यात हिशेबनीस होते. कारखाना बंद पडल्यापासून ते नोकरी शोधत आहेत. प्रत्येक मुलाखतीच्या आदल्या रात्री ते घरीच, पाण्यात कालवायची ‘काळी मेंदी’ केसांना आणि मिशीला लावतात. दर वेळी कपाळाची कड, कानशिले, कानाच्या पाळ्या आणि नखे काळी होतात. गेल्या मुलाखतीत समोरच्या अधिकाऱ्यांची नजर सारखी आपल्या कानशिलांकडे जात होती, असे त्यांना वाटले. लिंबू, खायचा सोडा, टूथपेस्ट, अंघोळीची घासणी असे सगळे करून झाले आहे. कपड्यांचे ब्लीच पाण्यात मिसळून लावा, असे आता एका शेजाऱ्याने सुचवले आहे. अलीकडे कलप लावल्यानंतर कानामागे खाज येते आणि ती औषधाच्या दुकानातून आणलेल्या मलमाने थांबते. मात्र कानशिलांवरचा काळसरपणा दोन महिने झाले तरी गेलेला नाही. कलपच सोडून द्या, असे पत्नीचे म्हणणे आहे. पांढऱ्या केसांच्या माणसाला नोकरी कोण देणार, असा त्यांचा प्रश्न आहे. पुढच्या महिन्यात आणखी एक मुलाखत आहे आणि त्यांना डाग झटपट, पूर्णपणे घालवणारा खात्रीचा उपाय हवा आहे.

सप्रेम नमस्कार,

शेजाऱ्यांनी सुचवलेला ब्लीचचा प्रयोग कृपया करू नका. पुढचे काही वाचण्याआधी एवढे मनाशी ठरवा. कपडे पांढरे करण्याच्या द्रावणात सोडियम हायपोक्लोराइट असते. ते कापडावरचा रंग तोडते, तसे कातडीचे संरक्षक आवरणही तोडते, आणि पाणी घालून पातळ केले तरी डोळ्यांपासून दोन बोटांच्या अंतरावर लावण्याइतके ते निर्धोक होत नाही. शिवाय अनेक कलपांमध्ये अमोनिया असतो. त्याची ब्लीचशी गाठ पडली तर क्लोरामाइन हा विषारी वायू तयार होतो, आणि बंद न्हाणीघरात तो श्वासावाटे आत गेल्यास घसा व फुफ्फुसांना इजा होते. शेजाऱ्यांनी हा उपाय आपुलकीनेच सांगितला असेल, पण तो करण्यासारखा नाही.

आता डागाकडे वळू. टिकाऊ कलपात काळा रंग बहुधा तयार स्वरूपात नसतोच. त्यात पॅरा-फेनिलीनडायअमीन, ज्याला डॉक्टर थोडक्यात पीपीडी म्हणतात ते, आणि त्याच्या जोडीची आणखी काही लहान, जवळजवळ रंगहीन द्रव्ये असतात. ती केसाच्या आत शिरतात, ऑक्सिजन पुरवणाऱ्या द्रव्याशी त्यांची क्रिया होते आणि ती एकमेकांना जोडली जाऊन मोठी, गडद रंगाची होतात. मग त्या आकारामुळेच त्यांना बाहेर पडता येत नाही. फ्रान्समधील रसायनशास्त्रज्ञ यूजेन श्युलर यांनी १९०७ मध्ये कृत्रिम रसायनांपासून केसांचा रंग तयार करून विकायला सुरुवात केली, आणि बाजारातील बहुतेक टिकाऊ कलप आजही याच प्रकारच्या रसायनावर उभे आहेत. केस ज्या केराटिन नावाच्या प्रथिनाचे बनलेले असतात, त्याच जातीच्या प्रथिनाने कातडीचा सर्वांत बाहेरचा, मृत पेशींचा थरही भरलेला असतो. त्यामुळे कपाळावर ओघळलेला कलप तिथेही केसासारखाच मुरतो, आणि साबणाने कितीही धुतला तरी सहजासहजी निघत नाही.

परंतु केसात आणि कातडीत एक मोठा फरक आहे, आणि तुमच्या बाबतीत तोच दिलासा देणारा आहे. कातडीचा हा बाहेरचा थर सतत झडत असतो आणि त्याच्या जागी खालून नवा थर येत असतो. साधारण दोन आठवड्यांत तो पूर्ण बदलतो, आणि चेहऱ्यावरचा कलपाचा डाग या थराच्याही वरच्या भागात असल्याने तीन-चार दिवसांत फिकट होतो व आठवड्याभरात बहुधा दिसेनासा होतो. म्हणजे काहीही न करणे हादेखील एक उपाय आहे, आणि तो कधी चुकत नाही. त्यामुळे कोणत्याही घरगुती उपायाला मी एकच कसोटी लावते: जो डाग आठवड्याभरात आपोआप जाणार आहे, त्यासाठी कातडीला महिनोन्‌महिने टिकणारी इजा करावी का?

डाग काढण्याचे जे सौम्य मार्ग आहेत, ते किती लवकर वापरले यावर त्यांचे यश अवलंबून असते. रंग तयार होण्यास वेळ लागतो, म्हणून कलप कातडीवर ओला असतानाच, पहिल्या काही मिनिटांत, ओल्या कापसाने पुसला आणि साबणाच्या पाण्याने धुतला तर डाग जवळपास पडतच नाही. केसांवर कलप असताना अर्धा तास नुसते बसून राहण्याऐवजी आरशासमोर बसून कडेचा ओघळ पुसत राहणे, हे नंतरच्या सगळ्या खटाटोपापेक्षा जास्त उपयोगी आहे. ती वेळ निघून गेली असेल, तर खोबरेल तेल किंवा मेकअप काढण्याचे तेलकट द्रावण डागावर लावावे, दहा-पंधरा मिनिटे ठेवावे, बोटाच्या टोकाने हलकेच गोल फिरवावे, मऊ कापसाने पुसावे आणि नंतर चेहऱ्याच्या सौम्य साबणाने धुवावे. एकाच वेळी जोर लावण्यापेक्षा हे सकाळ-संध्याकाळ केल्याने अधिक फरक पडतो, कारण तेलाने मृत पेशींचा थर मऊ होऊन सुटायला मदत होते. तेलाने भागले नाही तर मायसेलर वॉटर म्हणून मिळणारे मेकअप पुसण्याचे पाणी वापरून पाहावे. अल्कोहोल असलेला हातांचा सॅनिटायझर कापसावर घेऊन कानाच्या पाळीवरचा किंवा हातावरचा ताजा डाग पुसता येतो; पण डोळ्यांजवळ, ओठांजवळ, खाजणाऱ्या किंवा सोललेल्या कातडीवर तो लावू नये, गॅसच्या शेगडीजवळ तर मुळीच वापरू नये, आणि नंतर ती जागा धुऊन तिथे मलई (दुधाची नव्हे, कातडीला लावायचे क्रीम) किंवा तेल लावावे. पुसताना आग झाली, लाली आली, की त्या दिवसापुरते थांबायचे, मग डाग अर्धाच गेला असला तरी चालेल.

नखांची गोष्ट वेगळी आहे. नखाचे थर कातडीसारखे झडत नाहीत. नख महिन्याला साधारण तीन मिलिमीटर वाढते आणि डागाळलेला भाग पुढे सरकत सरकत कापला जातो. नेलपॉलिश काढण्याचे ॲसिटोन कापसावर घेऊन फक्त नखावर फिरवले तर रंग काहीसा उतरतो. चेहऱ्यावर ॲसिटोन लावू नये. हातमोजे घातल्यास हा त्रास होतच नाही, आणि कलपाच्या बऱ्याच पाकिटांमध्ये ते दिलेले असतात.

तुम्ही केलेल्या उपायांबद्दल मला जरा सविस्तर लिहायचे आहे, कारण असंख्य वाचक तेच करतात. निरोगी कातडी किंचित आम्लधर्मी असते. लिंबाचा रस तिच्यापेक्षा कितीतरी पट आम्लधर्मी आहे आणि सोडा अल्कधर्मी आहे. दोन्ही आळीपाळीने लावल्याने कातडीचे आवरण दुहेरी मार खाते. लिंबू लावून उन्हात गेल्यास काहींच्या कातडीवर भाजल्यासारखे चट्टे उठतात आणि ते पुढे काळे पडतात. टूथपेस्टमध्ये दातांच्या कठीण आवरणासाठी घातलेली बारीक भुकटी असते. कानशिलाच्या पातळ कातडीसाठी ती बनवलेली नाही. राखेने डाग काढण्याची जुनी पद्धतही सोड्याच्याच वळणाची आहे. काही ठिकाणी डागावर पुन्हा थोडा ताजा कलप लावून तो लगेच पुसतात, त्याने जुना रंग सैल होतो असे सांगतात. ज्यांना कलपाने कसलाही त्रास होत नाही त्यांच्यापुरते ते सोडून देऊ, पण ज्यांना खाज येते त्यांनी खाजेचे कारणच पुन्हा त्याच जागी लावण्यात शहाणपण नाही.

आणि घासणी. आपल्या बहुतेकांची कातडी गव्हाळ ते सावळी आहे, आणि अशा कातडीचा एक स्वभाव सगळ्यांनी लक्षात ठेवायला हवा: तिला घासले, भाजले, खाजवले किंवा तिचा दाह झाला, की बरे होताना ती त्या जागी मेलॅनिन, म्हणजे कातडीला रंग देणारे द्रव्य, जास्तीचे सोडते आणि जागा काळी पडते. घासणीने किंवा खरबरीत टॉवेलने रोज घासून गळ्यावर, पाठीवर, कोपरांवर पडणारा काळसरपणा भारतातील त्वचारोगतज्ज्ञांच्या चांगल्या परिचयाचा आहे. रुग्णाला तो मळ वाटतो, म्हणून तो आणखी घासतो, आणि घासल्याने काळेपणा वाढतच जातो.

इथे मला तुमच्या पत्रातील एका गृहीतकाविषयी शंका येते. तुम्ही दोन महिन्यांच्या काळसरपणाला कलपाचा डाग म्हणता. कलपाचा डाग चेहऱ्यावर दोन महिने राहत नाही. तो त्याच दिवशी उमटतो, त्याची कड जिथे कलप लागला तिथेच स्पष्ट संपते, त्यात निळसर काळी छटा असते, दिवसागणिक तो फिकट होत जातो आणि स्वतःहून खाजत नाही. याउलट जी जागा तपकिरी किंवा राखाडी दिसते, जिची कड पुसट आहे, जी कलप न लागलेल्या गालाकडे, मानेकडे किंवा पापण्यांकडे पसरते, आधी खाजते आणि नंतर आठवडेच्या आठवडे तशीच राहते, ती जागा डागाळलेली नसते. तिथल्या कातडीचाच रंग बदललेला असतो. मी तुमचे कानशील पाहिलेले नाही, त्यामुळे निदान करण्याचा मला अधिकार नाही. तरीही कानामागची खाज आणि न जाणारा काळसरपणा ही जोडी पाहिल्यावर मनात पहिला संशय कलपाच्या ॲलर्जीचाच येतो, त्यात घासण्याची भर पडली असावी. तसे असेल तर जगातील कोणतेही डाग काढण्याचे द्रव्य तिथे उपयोगी पडणार नाही, आणि प्रत्येक प्रयत्नाने ती जागा अधिक गडद होईल.

पीपीडीची ॲलर्जी ही दुर्मीळ किंवा नवलाची गोष्ट नाही. अमेरिकेतील संपर्कजन्य त्वचादाहाचा अभ्यास करणाऱ्या तज्ज्ञांच्या संस्थेने २००६ सालचे लक्षवेधी ॲलर्जीकारक द्रव्य म्हणून पीपीडीचीच निवड केली होती. ही ॲलर्जी लगेच दिसत नाही. कलप लावल्यानंतर एक ते तीन दिवसांनी खाज, लाली, पुरळ, कधी पापण्यांना सूज येते, म्हणून माणसाला तिचा कलपाशी संबंध जुळत नाही. ‘मी तर दहा वर्षे हाच कलप लावतो, मग आताच कशी ॲलर्जी होईल’ हा प्रश्न अनेकजण विचारतात. वर्षानुवर्षे काही न होता शरीर हळूहळू त्या द्रव्याविरुद्ध तयार होते आणि एकदा ते तयार झाले की सहसा विसरत नाही. पुढच्या वेळी त्रास पहिल्यापेक्षा जास्त होण्याचा संभव असतो.

तुम्ही लिहिता की मी रासायनिक कलप वापरत नाही, काळी मेंदी वापरतो. हा समज इतका पसरलेला आहे की त्यावर स्पष्ट बोलले पाहिजे. मेंदीच्या पानात लॉसोन नावाचे रंगद्रव्य असते आणि ते नारिंगी ते लालसर तपकिरी रंग देते. नुसती मेंदी पांढरा केस तासाभरात काळाभोर करू शकत नाही. ज्या पावडरीने केस अर्ध्या-पाऊण तासात काळे होतात, तिच्यावर मेंदीचे पान छापलेले असले तरी आत बहुधा पीपीडी किंवा त्याच्याच कुळातले द्रव्य असते. पाकिटाच्या मागच्या बाजूची बारीक अक्षरे वाचा, तुम्हाला ते नाव सापडण्याची दाट शक्यता आहे. ‘हर्बल’ या शब्दाने त्यात काही फरक पडत नाही, आणि ‘अमोनियाविरहित’ याचा अर्थ फक्त अमोनिया नाही एवढाच होतो, पीपीडी नाही असा होत नाही. खरोखरीच्या वनस्पतींनी काळा रंग हवा असेल तर मेंदीनंतर नीळीच्या पानांची पावडर लावतात; त्याला कित्येक तास द्यावे लागतात, रंग दर वेळी सारखा येत नाही आणि कातडीवर त्याचेही डाग पडतात. अशी पावडर घेतानाही त्यात दुसरे काही मिसळलेले नाही, हे घटकांच्या यादीवरून पाहावे लागते.

म्हणून पुढच्या मुलाखतीआधी तुम्ही कलप लावू नये असे माझे स्पष्ट मत आहे, आणि शक्य तितक्या लवकर त्वचारोगतज्ज्ञांना भेटावे. जिल्ह्याच्या सरकारी रुग्णालयात किंवा वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात हा विभाग असतो आणि खर्चही फार येत नाही. ते गरज वाटल्यास पॅच टेस्ट करतात: संशयित द्रव्यांच्या छोट्या पट्ट्या पाठीवर ४८ तास चिकटवून ठेवतात आणि त्या काढल्यावर व पुन्हा एक-दोन दिवसांनी कातडी तपासतात. त्यातून ॲलर्जी नक्की कशाची आहे ते कळते. ती पीपीडीची निघाली तर काही वेगळ्या रसायनांचे कलप काहींना चालतात, काहींना तेही चालत नाहीत. हा निर्णय डॉक्टरांच्या सल्ल्यानेच घ्यावा, दुकानदाराच्या नाही.

मलमाची गोष्ट मला सर्वांत अधिक काळजीची वाटते. खाज एक-दोन दिवसांत पूर्ण थांबवणाऱ्या दुकानातल्या मलमांमध्ये अनेकदा तीव्र स्टिरॉइड असते. डॉक्टरांनी सांगितलेल्या जागी, सांगितलेले दिवस लावल्यास ते उत्तम औषध आहे; पण चेहऱ्यावर स्वतःच्या मनाने महिनोन्‌महिने लावल्यास कातडी पातळ होते, लाल शिरा दिसू लागतात, पुरळ येते, आणि मलम थांबवले की दाह दुपटीने परत येतो. शिवाय ते मूळ कारण झाकून ठेवते आणि तुम्ही पुढचा कलप निर्धास्तपणे लावता. काळसर जागेसाठी सध्या तुम्ही करण्यासारखे एवढेच आहे: घासणे थांबवा, सौम्य साबण वापरा, साधी मलई किंवा व्हॅसलीन लावा, आणि उन्हात जाताना टोपी किंवा किमान ३० एसपीएफचे सनस्क्रीन वापरा, कारण ऊन ती जागा आणखी गडद करते. ती फिकट व्हायला काही महिने लागू शकतात. कधी कलपानंतर पापण्या किंवा ओठ सुजले, श्वास लागला, तर सकाळची वाट न पाहता रुग्णालय गाठा.

आता मुलाखतीचा प्रश्न. कलप आदल्या रात्रीच लावायला हवा, हे तुम्ही धरूनच चालला आहात. केस महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढतात. मुलाखतीच्या पाच-सहा दिवस आधी कलप लावला, तरी त्या दिवशी मुळाशी फार तर दोन मिलिमीटर पांढरे दिसतील, जे टेबलापलीकडून कोणाच्या लक्षातही येणार नाहीत. आणि कातडीवरचा डाग मात्र तोवर बहुतांशी गेलेला असेल. ज्या वाचकांना कलपाने त्रास होत नाही, त्यांनी लग्नकार्य असो की मुलाखत, एवढी एक सवय बदलली तर डाग काढण्याची वेळच क्वचित येईल. त्यांनी कलप लावण्याआधी कपाळाच्या कडेला, कानांवर, मानेच्या मागे व्हॅसलीनचा जाड थर द्यावा, मात्र तो केसांना लागू देऊ नये, नाहीतर तिथे रंग धरत नाही. कोरड्या, पापुद्रे सुटलेल्या कातडीत रंग जास्त मुरतो, म्हणून आदल्या दिवशी तिला मलई लावून ठेवणे चांगले. काळ्याभोर छटेऐवजी गडद तपकिरी निवडली तर डागही कमी ठळक पडतो आणि वाढलेले मूळही कमी उठून दिसते. प्रत्येक वेळी कलप लावण्याच्या ४८ तास आधी त्याचा थेंबभर नमुना कानामागे किंवा कोपराच्या आतल्या बाजूला लावून पाहावा. ज्यांना एकदा त्रास झाला आहे त्यांनी घरी हा प्रयोगही करू नये.

मिशी आणि भुवया यांच्याबाबत मी अधिक कठोर आहे. भुवयांना आणि पापण्यांना डोक्याचा कलप कधीच लावू नये. १९३३ च्या सुमारास अमेरिकेत ‘लॅश ल्यूर’ या पापण्यांच्या रंगाने, ज्यात पीपीडीच्या कुळातील रसायन होते, स्त्रियांच्या डोळ्यांना गंभीर इजा झाल्या, दृष्टी गेली, आणि सौंदर्यप्रसाधनांवर सरकारी नियंत्रण आणणाऱ्या १९३८ च्या कायद्यामागे त्या घटनांचाही वाटा होता. मिशीखालची कातडी पातळ असते, केसांमुळे तिथे व्हॅसलीन नीट लावता येत नाही आणि वास थेट नाकात जातो. तिथे लावायचाच असेल तर त्यासाठीच बनवलेला रंग, लहान ब्रशने, पाकिटावर दिलेल्या वेळेपुरताच लावावा. तुम्हाला तोही मी सध्या सुचवणार नाही.

पांढऱ्या केसांनी नोकरी मिळणार नाही, ही तुमची भीती मी निराधार म्हणणार नाही. वयाकडे पाहून माणूस नाकारला जातो हे खरे आहे, आणि घर चालवणाऱ्याला ते किती लागते याची मला जाणीव आहे. पण हिशेबनिसाच्या जागेसाठी समोरचा माणूस तुमच्यात काय शोधतो, याचा पत्नीबरोबर बसून एकदा विचार करा. त्या कामात अनुभवी, स्थिर माणूस हवा असतो, आणि नीट कापलेले, विंचरलेले करडे केस त्याच्या आड येत नाहीत. डागाळलेली कानशिले आणि नखे मात्र नजर वेधून घेतात. मधला मार्ग हवा असेल तर केस बारीक कापून घ्या म्हणजे जुना काळा भाग लवकर निघून जाईल, मिशी कमी करा किंवा काढा, आणि त्या दिवसापुरते मुळांवर लावायची, धुतल्यावर निघून जाणारी रंगीत कांडी वापरता येईल का ते डॉक्टरांना विचारा. अशा तात्पुरत्या रंगात कलपासारखी रासायनिक क्रिया नसते, तरी ॲलर्जीचे निदान होईपर्यंत न विचारता काहीच लावू नका. काळसर जागेवर कातडीच्या रंगाचे कन्सीलर बोटाने हलकेच लावण्यात पुरुषाने संकोच करण्याचे कारण नाही. तेही आधी डॉक्टरांना दाखवून घ्या.

डॉक्टरांकडे जाताना ‘काळ्या मेंदी’चे रिकामे पाकीट आणि मलमाची नळी दोन्ही बरोबर न्या. शेवटचा कलप कोणत्या तारखेला लावला आणि खाज त्यानंतर किती दिवसांनी सुरू झाली, हे कागदावर लिहून ठेवा. मोबाईलवर कानशिलांचा आजचा एक फोटो दिवसाच्या उजेडात काढा आणि दर आठवड्याला त्याच जागी उभे राहून पुन्हा काढा. मलम बरेच दिवस लावत असाल तर ते भेटीआधी एकदम बंद करू नका, कसे कमी करायचे ते त्यांनाच विचारा.